कामाच्या कोपऱ्याचा उंबरठा आणि आपले पाय

व्यापारी कुटुंबांतून अलीकडे एक सुखद चित्र दिसू लागले आहे. दुकानाची गादी मुलांकडे सोपवून मोकळे झालेले साठी-पासष्टीचे गृहस्थ घरातील एखाद्या रिकाम्या खोलीत, गच्चीवरील पत्र्याच्या शेडमध्ये किंवा तळमजल्यावरील जुन्या वखारीत आपल्या आवडीचा छोटासा कारखाना थाटतात. कोणी नातवंडांसाठी लाकडी गाड्या करतो, कोणी आजोबांच्या काळातील संदुकीला पॉलिश करून नवे रूप देतो, तर कोणी कुंड्यांचे स्टँड स्वतः वेल्डिंग करून बनवतो. आयुष्यभर दुसऱ्याने घडवलेला माल विकल्यानंतर आपल्या हातांनी एखादी वस्तू घडवण्यात जे समाधान असते, ते ज्याने अनुभवले त्यालाच कळते. ड्रिल, ग्राइंडर, गोल करवत ही विजेची हत्यारे पूर्वी कारागिरांकडेच असत. आज ती सहज मिळतात आणि अनेक घरांत आहेतही.

या छंदाबरोबर थोडी जोखीमही घरात येते, याची जाणीव बहुतेकांना असते. डोळ्यांसाठी चष्मा आणला जातो, हातमोजे घेतले जातात, धूळ उडत असेल तर नाकावर रुमाल बांधला जातो. पायांचा विचार मात्र क्वचितच कोणाच्या मनात येतो. याचे कारण निष्काळजीपणा असेलच असे नाही. आपल्याकडे पादत्राणे उंबरठ्याबाहेर काढूनच घरात पाऊल टाकण्याची रीत आहे. ती रीत स्वच्छतेची आहे, मर्यादेची आहे आणि ती टिकावी असेच कोणालाही वाटेल. परंतु कारखाना जेव्हा घरातच येतो, तेव्हा हीच चांगली रीत आपले पाय उघडे ठेवते. स्वयंपाकघरातून चहाचा कप घेऊन निघालेला माणूस चार पावलांत ग्राइंडरपाशी पोहोचतो आणि मध्ये कोठेही थांबून पायांत काही घालावे असे ठिकाण त्याला लागत नाही. घरगुती कामाच्या जागेतील पायांच्या दुखापतींचे मूळ मला येथे दिसते. म्हणून बुटांच्या निवडीइतकेच महत्त्व मी कामाच्या जागेला स्वतंत्र उंबरठा देण्याला देतो.

कारखान्यात जे असते, ते घरात नसते

बँकेच्या सेवेत असताना लघुउद्योगांना दिलेल्या कर्जांच्या तपासणीसाठी मला अनेक कारखान्यांत जावे लागे. कोल्हापूर परिसरातील फाउंड्रींमध्ये वितळलेले लोखंड साच्यांत ओतले जात असताना पाहिले आहे. व्यवस्थित चालणाऱ्या कारखान्यात दारातच पाहुण्याच्या पायांकडे पाहिले जाई; साधी चप्पल असेल तर कारखान्याचे बूट घातल्याशिवाय आत सोडत नसत. लहान शेडमध्ये मात्र रबरी स्लिपर घालून ओतकाम करणारे कामगारही दिसत. आमच्या तपासणीच्या नमुन्यात यंत्राचा क्रमांक, विम्याची मुदत, मालाचा साठा या सर्वांसाठी रकाने होते. यंत्र चालवणाऱ्याच्या पायांत काय आहे, यासाठी रकाना नव्हता.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने कामगाराच्या सुरक्षिततेची जबाबदारी कारखानदारावर टाकली. घरात मात्र मालक, कामगार, सुरक्षा अधिकारी आणि निरीक्षक हे सर्व आपण एकटेच असतो. यंत्र तेच, त्याचा वेग तोच, त्याची धारही तीच. परंतु दारात अडवणारा कोणी नसतो. ही उणीव शिस्तीनेच भरून काढावी लागते.

पायाची रचना

मनुष्याच्या एका पावलात २६ हाडे असतात. दोन्ही पावलांची मिळून ५२ होतात, म्हणजे शरीरातील सुमारे २०६ हाडांपैकी चौथा हिस्सा. ही हाडे लहान व नाजूक असून त्यांच्यावर वरच्या बाजूने स्नायूंचे फारसे आच्छादन नसते. चवड्याच्या वरील भागावर बोट फिरवून पाहावे. त्वचेखाली लगेच हाड लागते. मांडीवर किंवा दंडावर झालेला आघात मांस झेलते, पावलावर झालेला आघात थेट हाड झेलते.

शिवाय पाऊल हृदयापासून सर्वांत दूर असते. वाढत्या वयात तेथील रक्तप्रवाह मंदावतो आणि जखम भरून येण्यास वेळ लागतो. हात दुखावला तर तो गळ्यात बांधून माणूस हिंडू-फिरू शकतो. पाय दुखावला की उठणे-बसणे, स्नान, फिरायला जाणे, सारेच अडते. साठीनंतर महिना-दीड महिना अंथरुणात काढला तर पायांतील जी शक्ती जाते, ती पूर्ववत मिळवणे सोपे नसते.

पडणाऱ्या वस्तूचा हिशेब

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्याने मला प्रत्येक गोष्टीचा हिशेब मांडण्याची सवय आहे. कामाचे टेबल साधारण ९० सेंटिमीटर उंच असते. त्यावरून निसटलेली वस्तू जमिनीवर पोहोचण्यास सेकंदाच्या अर्ध्यापेक्षाही कमी, सुमारे ०.४३ सेकंद लागतात आणि पोहोचताना तिचा वेग ताशी १५ किलोमीटर झालेला असतो. वस्तू निसटली हे डोळ्याने टिपून मेंदूने पायाला हुकूम देण्यातच यांतील अर्धा वेळ निघून जातो. तरुणपणी पाय मागे घेता येतो. पासष्टीत त्या वेगावर भरवसा ठेवणे योग्य नाही. त्यातच आपल्या सर्वांना एक घातक सवय असते. वस्तू फुटू नये म्हणून आपण नकळत पाय पुढे करतो. हातातून फुलपात्र पडताना हे चालून जाते. पटाशी किंवा करवत पडताना तेच प्रतिक्षिप्त पाऊल अनर्थ घडवते.

आता वजनाकडे पाहू. टेबलाला घट्ट न बसवलेला १२ किलोचा लोखंडी व्हाइस या उंचीवरून पडला, तर त्याचा आघात सुमारे १०६ जूल होतो. दोन किलोच्या घणाचा आघात १७ ते १८ जूल असतो. आकडा लहान वाटतो. परंतु तो सर्व आघात अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर आला तर हाड मोडण्यास पुरेसा ठरू शकतो. पटाशीचे वजन तर कमीच असते, मात्र तिच्या धारेला वजनाची गरज नसते. चामड्याची किंवा रबराची उघडी चप्पल यांतील कशापासूनही संरक्षण देत नाही.

यावर पहिला उपाय बुटांचा नाही, मांडणीचा आहे. जड वस्तू गुडघा ते कंबर या उंचीवरच ठेवाव्यात. माळ्यावर किंवा डोक्यावरच्या फळीवर कधीही नाही. व्हाइस टेबलाला बोल्टने पक्का आवळावा. टेबलाच्या कडेला अर्धा इंच उंचीची लाकडी पट्टी ठोकली तर पेचकस, पाइप, छिन्नी यांसारख्या गोल वस्तू घरंगळून पडत नाहीत. वस्तू निसटलीच तर तिला पडू द्यावे आणि आपण मागे सरावे. मोडलेले हत्यार पुन्हा आणता येते.

टोचणारे आणि कापणारे

जुने फर्निचर किंवा मालाची खोकी मोडताना निघालेल्या फळ्या कोपऱ्यात टाकल्या जातात. त्यांतील खिळे वर टोक करून उभे असतात. भुशाखाली असा खिळा दिसत नाही. स्लिपरचा तळ तो लोण्यासारखा भेदतो.

असा खिळा घुसल्यावर बहुतेकजण पाहतात, तो गंजलेला होता का. गंजामुळे धनुर्वात होतो, ही समजूत सर्वत्र आहे. वस्तुतः धनुर्वाताचे जंतू माती, धूळ आणि शेण यांत असतात. स्वच्छ, चकचकीत खिळ्यावरही ते असू शकतात आणि खोल, अरुंद, हवा न पोहोचणाऱ्या जखमेत वाढतात. पायात घुसलेला खिळा नेमकी अशीच जखम करतो. बुटाच्या तळातून आरपार गेलेला खिळा तर रबराचे व मोज्याचे सूक्ष्म तुकडेही आत नेतो आणि त्यातून हाडापर्यंत संसर्ग पोहोचू शकतो. वरून जखम तांदळाच्या दाण्याएवढी दिसते, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते.

फळी मोडली की त्याच वेळी खिळे उपसावेत. निघत नसतील तर हातोडीने वाकवून लाकडात बसवावेत. ‘नंतर काढू’ म्हणून ठेवलेली फळी दुसऱ्या दिवशी आपल्या लक्षात राहतेच असे नाही. ड्रिल व कानस यांतून निघालेला लोखंडाचा कीस, पत्र्याच्या कातरलेल्या कडा, काचेचे तुकडे यांनाही हेच लागू आहे.

ठिणग्या, ॲसिड आणि ओले सिमेंट

चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेते. तिच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या घरात जातो. तिच्यातून उडणाऱ्या ठिणग्या म्हणजे लोखंडाचे तापलेले कण असतात. फोमची स्लिपर त्यांनी वितळते. नायलॉनचे मोजे वितळून त्वचेला चिकटतात. म्हणून अशा कामात सुती मोजे, घोट्यापर्यंतचे बंद बूट आणि बुटांवरून खाली आलेली सुती विजार असावी. विजार बुटात खोचू नये. खोचली तर बुटाचे तोंड ठिणग्यांसाठी उघडे राहते. फाउंड्रीत ओतकाम करणाऱ्यांचे खास बूट बिनबंदाचे असतात, ते याचसाठी. तप्त कण आत गेलाच तर बूट क्षणात काढून फेकता यावा. धोतर, लुंगी किंवा पायजम्याचा सैल घोळ हा घरी सुखाचा पोशाख आहे. फिरत्या यंत्रापाशी आणि ठिणग्यांपाशी तो उतरवून ठेवावा.

पितळ उजळण्यासाठी किंवा गंज काढण्यासाठी ॲसिड वापरणारे पुष्कळ आहेत. ते पायावर सांडल्यास स्लिपरचा पट्टा व मोजा ते शोषून घेतात आणि त्वचेला धरून ठेवतात. अशा वेळी लाज किंवा संकोच न करता मोजे-बूट तत्काळ काढून वाहत्या पाण्याखाली किमान २० मिनिटे पाय धरावा. ओले सिमेंट याहून फसवे असते. गच्चीची डागडुजी करताना अनवाणी पायांनी सिमेंटमध्ये उभे राहणे अनेकांना साधी गोष्ट वाटते. ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते, त्याचा सामू १२ हून अधिक असतो आणि त्याने होणारा दाह बहुधा काही तासांनी जाणवतो. तोवर त्वचेची हानी झालेली असते. या कामाला गुडघ्यापर्यंतचे गमबूट हवेत.

वीज आणि ओली फरशी

विजेचे हत्यार सदोष असेल आणि पाय उघडे व ओले असतील, तर हातातून शिरलेली वीज छातीतून जाऊन पायांवाटे जमिनीत उतरते. ओली त्वचा विजेला फारसा अडथळा करीत नाही. पावसाळ्यात गच्चीवरच्या शेडमध्ये, धुतलेल्या फरशीवर किंवा पाण्याच्या मोटारीपाशी अनवाणी काम करणे म्हणून अत्यंत धोक्याचे ठरते. कोरडे रबरी तळ हे संरक्षणाचे एक साधन आहे, पण एकमेव नव्हे. तीन पिनांची योग्य अर्थिंग असलेली जोडणी आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी हे त्याआधी यावयास हवेत. येथे एक सूचना आवश्यक वाटते. अनेक सुरक्षा-बुटांवर ‘अँटिस्टॅटिक’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ विजेपासून संरक्षण असा नाही. अंगावर साठलेला स्थिर विद्युतभार निघून जावा, एवढेच त्याचे काम. अशा बुटांच्या भरवशावर चालू जोडणीला हात लावू नये.

घसरणे आणि तासन्‌तास उभे राहणे

आपल्या घरांतील गुळगुळीत फरशीवर लाकडाचा भुसा पडला की ती साबण लावल्यासारखी निसरडी होते. तेलाचे चार थेंबही पुरेसे होतात. फिरती करवत समोर असताना घसरणे म्हणजे केवळ पडणे नसते. जमिनीवरून आडवी गेलेली वायर हा दुसरा सापळा. ती भिंतीकडेने न्यावी, अथवा वरून सोडावी.

तासन्‌तास कठीण फरशीवर उभे राहिल्याने टाचा दुखतात आणि पिंढऱ्यांतील शिरा फुगतात. टेबलापुढे जाड रबरी चटई अंथरली तर पायांना आराम मिळतो आणि निसटलेल्या हत्याराची धारही वाचते. चटईच्या कडा जमिनीला चिकटवलेल्या असाव्यात, म्हणजे त्यांत पाय अडकत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने पाच मिनिटे बसणे हेही कामाचाच भाग मानावे.

मधुमेह असेल तर

हा विषय मांडण्यामागे माझ्या मनात असलेले मुख्य कारण येथे सांगतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. बैठ्या व्यवसायात आयुष्य गेलेल्या आपल्या कुटुंबांत तर तो नसलेले घर शोधावे लागेल. दीर्घकाळच्या मधुमेहात पायांच्या नसा हळूहळू बधिर होतात. टोचले, भाजले, फोड आला तरी वेदना होत नाही. वेदना हा शरीराचा पहारेकरी आहे. तोच झोपी गेला तर चोरी झाल्याचे सकाळी कळते. त्यात रक्तप्रवाह मंद आणि रक्तातील साखर अधिक असेल, तर साधी जखमही चिघळते.

माझ्या परिचयातील एका निवृत्त व्यापाऱ्यांना सुतारकामाची मोठी हौस होती. एका संध्याकाळी त्यांच्या सूनबाईंना फरशीवर रक्ताचे ठसे दिसले. ते माग काढीत गेल्या, तर सासऱ्यांच्या तळव्यात पत्र्याचा तुकडा रुतलेला होता आणि ते शांतपणे रंधा मारीत होते. त्यांना काहीच जाणवले नव्हते. ‘एवढ्याशाला काय डॉक्टर’ म्हणून हळद भरली गेली, चार दिवस गेले. अखेरीस पायाचे एक बोट काढावे लागले आणि पाय वाचला, याचेच सर्वांनी समाधान मानले. ते आजही काम करतात, पण बसून आणि थोडा वेळच.

मधुमेह असणाऱ्यांनी घरातही अनवाणी फिरू नये, असे डॉक्टर सांगतात; कामाच्या जागेत तर मुळीच नाही. बूट घालण्यापूर्वी तो उलटा करून झटकावा आणि आत हात फिरवून पाहावा. खडा, स्क्रू किंवा एखादा विंचूही आत असू शकतो. रोज रात्री दोन्ही तळवे, टाचा आणि बोटांमधल्या फटी पाहाव्यात. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा किंवा घरच्यांना पाहण्यास सांगावे. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पायांच्या संवेदनेची तपासणी करून घ्यावी. नायलॉनचा एक बारीक धागा तळव्याला टेकवून ती दोन मिनिटांत होते.

बूट कसा निवडावा

सुरक्षा-बुटांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे ‘आयएस १५२९८’ हे मानक आहे. त्याचा दुसरा भाग सुरक्षा-बुटांचा. त्यांच्या चवड्यात पोलादाची अथवा कठीण मिश्र पदार्थाची टोपी असते आणि ती २०० जूलचा आघात सोसेल अशी कसोटी लावलेली असते. २० किलोचे वजन सुमारे एक मीटर उंचीवरून पडले तर जेवढा आघात होईल, तेवढा हा आहे. वर सांगितलेल्या व्हाइसच्या आघाताच्या जवळजवळ दुप्पट. तिसऱ्या भागातील बूट १०० जूलचे असतात. चौथ्या भागातील बुटांत टोपी नसते. ते घसरण्यापासून बचाव व दीर्घकाळ वापर यांसाठी असतात. जड वस्तू हाताळणाऱ्यांनी दुसऱ्या भागाचे बूट घ्यावेत.

बुटावरील अक्षरेही पाहावीत. नुसते ‘एस-१’ लिहिले असेल तर तळ खिळ्याला रोखील याची हमी नसते. ‘एस-१-पी’ असेल तर तळात खिळा न शिरू देणारा थर असतो. ‘एस-३’ मध्ये हा थर, पाण्यास विरोध करणारा वरचा भाग आणि खाचांचा तळ हे तिन्ही असते. आयएसआय चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली परवाना क्रमांक छापलेला असतो. ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपमध्ये तो क्रमांक टाकून परवाना खरा आहे की नाही हे घरबसल्या तपासता येते. चेकवरची सही पडताळून पाहावी, तसेच हे आहे.

आपल्या पुष्कळ घरांत चामड्याचा वापर टाळला जातो आणि सुरक्षा-बूट म्हणजे चामडेच, या समजुतीने ते विकत घेतले जात नाहीत. ही अडचण आता उरलेली नाही. कृत्रिम मायक्रोफायबरचे, विणलेल्या कापडाचे आणि पीव्हीसीचे, तळ पीयू किंवा रबराचा असलेले सुरक्षा-बूट मिळतात व तेही याच मानकाची चिन्हे धारण करतात. दुकानदाराला वरचा भाग, अस्तर आणि आतील तळपट्टी या तिन्ही गोष्टी कशाच्या आहेत, हे स्पष्ट विचारावे. वरचा भाग कृत्रिम असून अस्तर चामड्याचे असू शकते. विणलेल्या कापडाचे बूट हलके व हवेशीर असतात, मात्र वेल्डिंग व ग्राइंडिंगसाठी ते योग्य नाहीत.

माप संध्याकाळी द्यावे, कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. कामाचे मोजे घालूनच बूट घालून पाहावा. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी मोकळी जागा राहावी आणि खाली बसून उठताना टोपीची कड बोटांवर रुतू नये. स्त्रियांच्या मापाचेही सुरक्षा-बूट मिळतात. घरातील कामाच्या जागेत त्यांचाही वावर असतो, हे विसरू नये. एकदा जोराचा आघात सोसलेली टोपी बाहेरून ठीक दिसली तरी तो जोड बदलावा. पावसाळ्यात ओलसर बुटांत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवावे.

उंबरठा कसा घालावा

घरात बूट कसे घालावयाचे, हा प्रश्न घरोघरी निघेल आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर असे, की हे बूट रस्त्यावर जात नाहीत आणि घरातही येत नाहीत. ते करवत-हातोडीसारखे कामाच्या जागेचे हत्यार आहेत व तेथेच राहतात.

खोलीच्या दाराशी किंवा कोपऱ्याच्या कडेला फरशीवर पिवळ्या रंगाची ठसठशीत रेघ ओढावी. उंचवटा करू नये, त्यालाच ठेच लागेल. रेघेच्या अलीकडे एक बुटके स्टूल ठेवावे, कारण एका पायावर तोल सांभाळत बूट घालणे या वयात बरे नव्हे. रेघेपलीकडे बुटांसाठी एक फळी असावी. तिच्यावर आपला जोड आणि हाक मारण्यास येणाऱ्यांसाठी बंद पादत्राणांचा आणखी एक जोड ठेवावा. रेघ अनवाणी ओलांडायची नाही, हा नियम घरातील सर्वांना आणि सर्वप्रथम स्वतःला लागू करावा. ‘एकच खिळा ठोकायचा आहे’ हा अपवाद मानू नये. नातवंडांनी रेघेवर उभे राहून हाक मारावी. यंत्र बंद झाल्यावर आजोबांनी बाहेर यावे.

या रेघेचा लाभ घरालाही होतो. बुटांच्या तळाला चिकटलेला लोखंडाचा कीस रेघेपलीकडेच राहतो. रांगणाऱ्या बाळाच्या तळहातात किंवा अनवाणी लादी पुसणाऱ्या मदतनीस बाईंच्या पायात तो जात नाही.

काम संपल्यावर दहा मिनिटे जमिनीसाठी राखावीत. प्लास्टिकच्या पिशवीत लोहचुंबक घालून फरशीवरून फिरवला की बारीक खिळे व कीस गोळा होतो; पिशवी उलटी करून चुंबक काढून घेतला की सर्व एकत्र डब्यात टाकता येते. भुसा ओल्या फडक्याने पुसावा. दिवसाचा गल्ला मोजल्याशिवाय आपण दुकानाची फळी लावत नाही. तीच शिस्त येथे असावी.

दुखापत झालीच तर

खिळा किंवा पत्रा लागल्यास जखम वाहत्या स्वच्छ पाण्याखाली साबणाने धुवावी, स्वच्छ कापडाने दाबून रक्त थांबवावे आणि वर कोरडी पट्टी बांधावी. जखमेत हळद, चुना, चहापूड, ग्रीस असे काहीही भरू नये. सुईने उकरू नये. मोठी वस्तू खोल रुतलेली असल्यास ती उपसू नये. तशीच स्थिर ठेवून रुग्णालयात जावे. धनुर्वाताची लस घेऊन पाच वर्षांहून अधिक काळ झाला असेल आणि जखम खोल किंवा मळकी असेल, तर डॉक्टर पुन्हा लस देतात. म्हणून शेवटची लस कधी घेतली, त्याची तारीख प्रथमोपचाराच्या पेटीच्या झाकणावर लिहून ठेवावी.

भाजल्यास २० मिनिटे साध्या थंड पाण्याखाली पाय धरावा. बर्फ, टूथपेस्ट, तूप लावू नये. जड वस्तू पडून पाऊल सुजल्यास पाय उशीवर उंच ठेवून कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे लावावा. पाय टेकवता येत नसेल तर एक्स-रे काढून घ्यावा. मधुमेह असलेल्या व्यक्तीने जखम कितीही लहान असली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

शेवटी एक विनंती घरातील तरुण मंडळींना. वडिलांच्या किंवा सासऱ्यांच्या हौसेला आवर घालू नका. त्या हौसेत त्यांचे आरोग्यही आहे आणि मनाची उमेदही. त्यांचा वाढदिवस येईल तेव्हा शाल-श्रीफळाबरोबर त्यांच्या पायाच्या मापाचा एक सुरक्षा-बुटांचा जोड आणि पिवळ्या रंगाचा छोटा डबा आणा. रेघ ओढण्याचे काम नातवंडांकडे द्या. स्वतःच्या हातांनी आखलेली रेघ आजोबांनी अनवाणी ओलांडलेली त्या मुलांना चालणार नाही, आणि आजोबांना त्यांचे ऐकावेच लागेल.